वाचनालयाच्या अर्जात युक्तिवाद कुठे अडतोय?

प्रश्न: वाचनालय रात्री १० पर्यंत उघडं ठेवा, असा अर्ज लिहितेय. मुद्दा साधा: परीक्षार्थींना शांत जागा हवी, म्हणून वेळ वाढवा. समिती मान डोलावते, पुढे काहीच हलत नाही.

उत्तर १: ताई, ध्येय आणि उपाय दोन्ही आहेत, पण त्यांना जोडणारा दुवा कागदावर नाही. तत्त्वज्ञ स्टीफन तूलमिन यांनी १९५८ मध्ये पुरावा आणि दावा यांच्यामधला हाच आधार वेगळा काढून दाखवला. युक्तिवादाचे अभ्यासक डग्लस वॉल्टन यांचे असा युक्तिवाद तपासायचे प्रश्न तर मला फारच मोलाचे वाटतात: दुसरा उपाय आहे का? हा जमण्यासारखा आहे का? दुष्परिणाम काय? दुसऱ्या एखाद्या ध्येयाला धक्का बसतो का? समितीच्या मनात हेच घोळत असणार. रिकामी वर्गखोली का चालणार नाही? रात्री कुलूप कोण लावणार? खर्च पुस्तकखरेदीतून जाणार का? यांची उत्तरं अर्जातच द्या. आणि एखादी अडचण खरी असेल तर ती सरळ मान्य करा.

उत्तर २: वाचनालय बंद होताना किती जण उठून जातात, ते मोजून लिहा.

प्रश्नकर्ती: आधी आठवड्यातल्या दोनच रात्री मागितल्या तर?

उत्तर १: उत्तम. मग ‘जमेल का’ हे करून बघता येईल. मुदतही लिहा.