म्युझिक प्रोड्युसरला ‘निर्माता’ म्हणायचं का?
(सोलापूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या वस्तीच्या नावानं)

जुळे सोलापूर :
कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहितोय. विषय : जगातलं लोकप्रिय गाणं ज्यांनी बदलून टाकलं अशी माणसं. बीटल्सचे जॉर्ज मार्टिन, मायकेल जॅक्सनचे क्विन्सी जोन्स, डिस्को गायिका डोना समरचे जॉर्जिओ मोरोडर. तिघांच्याही नावापुढे ‘संगीत निर्माता’ लिहिलं, तर सरांनी शेजारी लाल पेनानं विचारलं, ‘यांनी भांडवल किती घातलं?’ ‘संगीतकार’ करावं, तर बीटल्सच्या चाली काही मार्टिनच्या नव्हेत. मराठीत नेमका शब्द कोणता?

सात रस्ता :
सरांनी खोचकपणे विचारलंय, पण रास्त विचारलंय. संस्कृतात निर्माता म्हणजे घडवणारा. विश्वाचा निर्माता म्हणताना आपण देवाकडे बजेट मागत नाही. मराठीत मात्र हा शब्द नाटक-सिनेमावाल्यांनी अडवून ठेवलाय. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं की जाहिरातीतला निर्माता म्हणजे पैसे उभे करणारा, तारखा मिळवणारा, आणि बुकिंग झालं नाही तर ज्याची झोप उडते तो. हा अर्थ आता पुसता येणार नाही.

मार्टिन नेमके याच्या उलट. ते ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे पगारी नोकर. कंपनीचं पार्लोफोन हे लेबल, म्हणजे ज्या नावानं रेकॉर्डी निघतात तो ब्रँड, सांभाळायचे, विनोदी रेकॉर्डीही काढायचे. 1962 साली त्यांनी बीटल्सना घेतलं. पैसा कंपनीचा, चाली पोरांच्या. यांचं काम म्हणजे ऐकणं आणि ‘असं नको, तसं करून बघू’ म्हणणं. 1965 मध्ये पॉल मॅकार्टनीनं ‘यस्टर्डे’ एकट्यानं गिटारवर गायलं. त्यामागे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो घालायची कल्पना मार्टिनची. मॅकार्टनी आधी कुरकुरत होता. चाल त्याचीच राहिली, पण ते चार वादक वगळून ते गाणं आठवून बघा, आठवतच नाही.

बाळीवेस :
मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. तुम्ही सांगताय ते काम आमच्या भाषेत अरेंजरचं. कॅसेटवर ‘संगीत संयोजन : अनिल मोहिले’ वाचत आमची पिढी वाढली. मुखडा-अंतऱ्यामधले तुकडे, बासरी कुठे, व्हायोलिन कुठे, कॉर्ड कोणती, सगळं अरेंजर ठरवणार. हिंदीत ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा हेच करायचे, आणि लोक नाव घ्यायचे संगीतकाराचं. इतका तयार शब्द असताना कशाला डोकं खाजवायचं? ‘संगीत संयोजक’ लिहा आणि मोकळे व्हा.

सात रस्ता :
शब्द चांगला आहे, पण अर्ध्या कामाला पुरतो. क्विन्सी जोन्स मुळात जॅझमधले ट्रम्पेटवादक आणि पट्टीचे अरेंजर, तिथवर संयोजक चालेल. पण 1982 च्या ‘थ्रिलर’साठी ढीगभर गाण्यांतून नऊच ठेवायची, कुठल्या गाण्याला कोण वादक बोलवायचा, हा टेक पुरे की आणखी एक, हे कशात धरणार? मोरोडरचं तर आणखी अवघड. 1977 मध्ये म्युनिकला ‘आय फील लव्ह’ केलं, त्यात जवळजवळ सगळी साथ मूग सिंथेसायझरची, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या यंत्राची. संयोजन करायला समोर वादकच नाहीत, मुळात आवाजच घडवायचा होता. आजचं निम्मं क्लबचं संगीत त्या एका गाण्याचं देणं लागतं, असं माझं मत.

आपल्याकडे रहमाननं 1992 च्या ‘रोजा’पासून हेच केलं. चेन्नईत घराशेजारी स्वतःचा स्टुडिओ, आणि चाल, संयोजन, ध्वनी एकाच माणसाच्या हातात. त्यामुळे त्याला संगीतकार म्हणून भागतं. प्रश्न येतो तो चाल एकाची आणि घडण दुसऱ्याची असते तेव्हा.

नवी पेठ :
अहो, मराठी माणसानंच हे काम केलंय की. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचे जी. एन. जोशी. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे तेच. भावगीत गायक म्हणून नाव झालं, पुढे कंपनीत रेकॉर्डिंगचं काम बघू लागले, आणि केवढ्या तरी दिग्गजांना त्यांनी मायक्रोफोनसमोर बसवलं. साठच्या दशकाच्या अखेरीला शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही वाद्यसंगीताची रेकॉर्ड आली, तिचे प्रोड्युसर जोशीच. संतूर घराघरांत पोचलं त्यात त्या रेकॉर्डीचा वाटा मोठा. जोशींना आपण काय म्हणतो? ‘एचएमव्हीचे जोशी’. म्हणजे काम होतं, पण शब्दाची गरजच पडली नाही.

लेखात मार्टिनच्या शेजारी जोशींना बसवा. सरही खूश होतील.

जुळे सोलापूर :
जोशींबद्दल माहीतच नव्हतं, नक्की घेतो. आणखी एक. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत, जयंतीला, गणपतीला जे डीजेवाले स्वतः ट्रॅक काढतात, गाण्याच्या मध्येच स्वतःचं नाव घेतात, ते यात कुठे बसतात?

बाळीवेस :
कुठेच नाही बे. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, ढोलाचा लूप लावायचा, वर आपलं नाव. याला काय निर्मिती म्हणायची?

सात रस्ता :
इथे मी डीजेच्या बाजूनं. जमैकात किंग्स्टनला किंग टबी नावाचा माणूस होता. धंदा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचा, शिवाय स्वतःची साउंड सिस्टीम. तयार गाण्याची टेप घ्यायची, गायकाचा आवाज मध्येच उडवायचा, नुसते ड्रम आणि बेस उरू द्यायचे, एखादा शब्द एकोत सोडून द्यायचा. ना गाणारा, ना वाजवणारा, पण मिक्सर हेच त्याचं वाद्य. त्यातून ‘डब’ हा प्रकार उभा राहिला, आणि रीमिक्स करणारे सगळे त्याचे वारस. आपल्या डीजेतल्या बहुतेकांना त्याची सर नाही हे कबूल, पण काम त्याच जातीचं.

आणि नाव घेण्याला का नाक मुरडायचं? शाहीरही शेवटी नाममुद्रा घालायचेच. सोलापूर तर राम जोशींचं गाव. डीजे शेवटच्या कडव्याची वाट बघत नाही, एवढाच फरक.

जाता जाता, स्पीकरच्या ज्या भिंतीवर हे ट्रॅक वाजतात तिला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो, ते एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी यांनी 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण कशाला दिलंय, ते मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असलेल्यांना विचारा!

नवी पेठ :
मूळ प्रश्न राहिला की. माझं मत : पैसे घालणारा निर्माता, वाद्यमेळ रचणारा संयोजक, आणि हा तिसरा माणूस सरळ ‘प्रोड्युसर’. पहिल्यांदा येईल तिथे काम एका वाक्यात सांगा, मग शब्द आपोआप कळतो. ‘ध्वनिमुद्रण दिग्दर्शक’ वगैरे घडवायला जाऊ नका, तो सरकारी खात्यातला वाटेल.

जुळे सोलापूर :
ठरलं. फक्त ‘प्रोड्युसर’ की ‘प्रोड्यूसर’? आणि ‘प्रोड्युसरनं’ की ‘प्रोड्युसरानं’?

सात रस्ता :
‘म्युझिक’ ऱ्हस्व लिहिता ना, मग ‘प्रोड्युसर’ही ऱ्हस्वच. आणि डॉक्टरनं, कंडक्टरनं म्हणतो तसं प्रोड्युसरनं.