मदत हवी आहे: पावसाच्या नकाशातले रंग आणि रंगपट्टी जुळत नाहीत (पायथनची आलेख-नकाशे काढायची लायब्ररी मॅटप्लॉटलिब)

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस मुलांना नकाशावर दाखवायचा आहे. माझ्या वर्गातली सगळी मुलं त्या पावसानंतर जन्मलेली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७३ मिमी असं फळ्यावर लिहिलं की ती आकडे वहीत उतरवून घेतात आणि पान उलटतात. म्हणून हवामान खात्याची पाव अंशाची ग्रिड फाईल (नकाशाच्या पाव-पाव अंशाच्या चौकटींतला पाऊस) उतरवली. रोजच्या १२९ गुणिले १३५ चौकटी, बायनरी स्वरूपात.

तारखेचा घोळ निस्तरला आहे, त्यावर वेळ घालवू नका. खातं मागच्या चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, त्यामुळे २६ तारखेचा तो पाऊस फाईलमध्ये २७ जुलैच्या नावावर आहे.

अडलंय ते रंगांपाशी. खात्याच्या वर्गवारीप्रमाणे सीमा (मिमीमध्ये) दिल्या: २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५. रंग सहा: पांढरा (नगण्य), फिका हिरवा (हलका), गडद हिरवा (मध्यम), पिवळा (मुसळधार), नारिंगी (अतिमुसळधार), लाल (अत्यंत मुसळधार). लिस्टेडकलरमॅपमध्ये (रंगांची यादी) सहा रंग भरले, बाउंडरीनॉर्मला (सीमांवरून आकड्याचा रंग ठरवतो तो) या सीमा आणि रंगांची संख्या ६ दिली, पीकलरमेशने (चौकटी रंगवतो तो) नकाशा काढला. एकही एरर नाही. पण गडद हिरवा आणि नारिंगी नकाशात कुठेच नाहीत! रंगपट्टीतही सहाऐवजी चारच खण. मला वाटलं पट्टीच बिघडली आहे, म्हणून ती काढून सहा चौकोनांची सूची हाताने जोडली. मग एकेक चौकट तपासली. ३० मिमीची चौकट फिकी हिरवी, म्हणजे सूचीप्रमाणे 'हलका'. १५० मिमीची थेट लाल.

कॉन्टूरएफ (चौकटींऐवजी सलग पट्टे रंगवतो तो) वापरून पाहिलं तर आणखी वाईट. मुंबई-ठाण्याच्या जागी पांढरं भोक. सगळ्यात जास्त पाऊस जिथे पडला तीच जागा कोरडी दिसते आहे. त्या रात्री मी कलिन्याहून कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले होते. असला नकाशा मुलांपुढे ठेवायला हात धजत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

मॅडम, पट्टी बिघडलेली नाही, ती खरं तेच सांगत होती. पाच सीमांच्या मध्ये खण चारच होतात. तुम्ही चार खणांना सहा रंग दिलेत, तेव्हा बाउंडरीनॉर्म रंग ताणून वाटतो: पहिल्या खणाला पहिला, शेवटच्याला शेवटचा, मधल्यांना हिशेबाने. शून्यापासून मोजलं तर रंगांचे क्रमांक ०, १.६७, ३.३३, ५ येतात. अपूर्णांक कापले की ०, १, ३, ५. क्रमांक २ म्हणजे तुमचा गडद हिरवा आणि ४ म्हणजे नारिंगी, हे दोघे तिथेच गळाले. २०४.५ च्या वरच्या आकड्यांना शेवटचाच रंग मिळतो, म्हणून १५० आणि ५०० दोन्ही लाल.

दोन उपाय आहेत. पहिला, बाउंडरीनॉर्मला 'एक्स्टेंड' मध्ये 'बोथ' द्या. खण सहा होतात, पट्टीच्या दोन्ही टोकांना त्रिकोण येतात. तेव्हा रंगांची संख्या ६ च ठेवा. ४ लिहिलीत तर खण जास्त आणि रंग कमी असा एरर येईल. दुसरा, सीमांच्या यादीत आधी ० आणि शेवटी १००० घाला: सात सीमा, सहा खण, सहा रंग. वर्गासाठी मी हाच घेईन. खण मुलांना कळतो, त्रिकोणाचा अर्थ वेगळा समजावत बसावा लागतो.

कॉन्टूरएफचं भोकही त्याच जातीचं. सीमांच्या बाहेरचं काही तो रंगवतच नाही, आणि सहा रंगांपैकी पहिले चार वापरून मोकळा होतो. आणि हाताने जोडलेली सूची काढून टाका. नकाशाशी तिचा काहीच संबंध नसतो. पीकलरमेशने परत दिलेली वस्तूच कलरबारला (रंगपट्टी काढणाऱ्या फंक्शनला) द्या.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टींची भर घालतो.

या बायनरी फाईलमध्ये भारताबाहेरच्या चौकटींत -९९९ भरलेलं असतं. तुमचा पहिला रंग पांढरा असल्यामुळे ते लक्षात आलं नसेल, पण अरबी समुद्र आत्ता 'नगण्य पाऊस' म्हणून रंगतो आहे. शून्याखालचं सगळं आधी मास्क करा (नोंद नाही असं धरा) आणि अशा चौकटींना सेटबॅडने राखाडी रंग द्या. समुद्रावर पाऊस नव्हता आणि समुद्रावरची नोंदच नाही, यात फार अंतर आहे.

दुसरं, ९४४ हा आकडा ग्रिडमध्ये शोधू नका. पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर आणि चौकटीतला आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला. कुलाबा-सांताक्रूझ अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. तुम्हाला दाखवायचा आहे तो फरक या जाळीत मावत नाही. दोन्ही केंद्रं स्कॅटरने ठिपके म्हणून वर काढा, पण कलरमॅप आणि नॉर्म तेच द्या. नाहीतर ठिपक्यांचे रंग पुन्हा वेगळ्या हिशेबाने येतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ० आणि १००० घातले, -९९९ मास्क केलं, सहाही रंग जागेवर आले. ३० मिमीची चौकट गडद हिरवी, १५० ची नारिंगी. कुलाब्याचा ठिपका पिवळा, त्याच्या जवळजवळ खेटून सांताक्रूझचा लाल. हेच दाखवायचं होतं.

पुढे कुणाला लागेल म्हणून लिहून ठेवते: पट्टीवर मराठी नावं घातली तर आधी नुसते चौकोन आले. देवनागरी फाँट दिल्यावर अक्षरं उमटली, पण 'मिमी' मधली पहिली वेलांटी म च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आणि 'अत्यंत' मधला त्य तुटला. शेवटी मॅटप्लॉटलिबमधून फक्त आकडे असलेली पट्टी एसव्हीजी या चित्र-फाईलमध्ये काढली आणि नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. छपाईला उद्या देते आहे.