दापोली ते गणपतीपुळे सायकलने, एका दिवसात जमेल का?

सोनचाफा_पुणे
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि नवरा मांडव्याहून सायकलने गोव्याकडे निघतोय, सागरी महामार्गाने. बाकीचे दिवस जुळलेत, चौथा काही केल्या बसत नाही. दापोलीहून दाभोळ, फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर, हेदवी, तवसाळला दुसरी फेरीबोट, जयगड आणि मुक्काम गणपतीपुळ्याला. नकाशावर १०० किलोमीटरच्या आसपास दिसतंय. रविवारी आम्ही ८०-९० आरामात करतो, त्यामुळे नवरा म्हणतो, "त्यात काय!" मला धाकधूक आहे. सायकली साध्या हायब्रीड, मागच्या कॅरिअरवर प्रत्येकी १०-१२ किलो. वय विचारू नका, पन्नाशी दारात उभी आहे. रेटावं की मध्ये थांबावं? जेवणाचंही सांगा.

खाडीपलीकडचा
ताई, मी मूळचा गुहागरचा. तुमचा हिशोब देशावरचा आहे. आमच्याकडे गावं सगळी खाली, खाडीच्या तोंडाशी, माडा-पोफळीत. दोन गावांच्या मध्ये सडा. म्हणजे प्रत्येक गावातून बाहेर पडताना शे-दीडशे मीटर वर चढायचं, वर उघड्या जांभ्यावर ऊन खात दोन-चार किलोमीटर जायचं, की लगेच भसकन खाली. पालशेत झालं, अडूर झालं, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, प्रत्येक ठिकाणी हेच. एकही चढ घाट म्हणावा असा नाही, म्हणून नकाशात कळत नाही. पण दुपारी तिसऱ्या-चौथ्या चढाला मांड्या बोलायला लागतात.

आणि दापोली उंचावर आहे. दाभोळपर्यंतचे साधारण २८ किलोमीटर बरेचसे उताराचे. सकाळी तिथे जो वेग मिळतो, त्यावर उरलेल्या दिवसाचा अंदाज बांधलात की फसलात.

माझं मत: पहिल्या दिवशी हेदवी किंवा वेळणेश्वर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुळे. गुहागरला थांबलात तर फार लवकर पोचाल आणि नवऱ्याला परत "त्यात काय" म्हणायला वाव मिळेल.

सुसाट_९७
आम्ही चौघांनी केलंय एका दिवसात. पहाटे ५.३० ला दापोली सोडलं, ७ वाजता पुळ्यात. होतं की!

खाडीपलीकडचा
संध्याकाळचे ७ ना? सामान होतं?

सुसाट_९७
हो, संध्याकाळचे. सामान मागच्या गाडीत होतं. 😅

घासलेला_ब्रेक
सुसाटभाऊ, त्या गाडीचा उल्लेख पहिल्याच प्रतिसादात यायला हवा होता.

सोनचाफाताई, मी २०१९ ला एकट्याने, सामानासकट केलंय. दोनच गोष्टी सांगतो. मागे ३२ किंवा ३४ दात्यांचा गिअर नसेल तर निघायच्या आधी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) बदलून घ्या, तेवढ्या खर्चात गुडघे वाचतात. दुसरं, ब्रेक रबरची एक जादा जोडी बरोबर ठेवा. या रस्त्यांना चढांइतकेच उतार आहेत, आणि ती तांबडी धूळ रिमवर बसली की रबर खडूसारखं झिजतं.

जेटीबद्दलही ऐका. बोटीतून उतरताना मोटारसायकलवाले घाई करतात, आपणही त्या भरात सायकलवर बसतो. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर हिरवं शेवाळ असतं. मी तवसाळला तिथेच आडवा झालो. लागलं फार नाही, पण गिअर बदलणारा मागचा डीरेलर वाकला आणि पुढचं सगळं अंतर एकाच गिअरवर. उतरा, सायकल हातात धरा, सगळ्यांना पुढे जाऊ द्या.

मीठभाकर
जेवणाचं सांगते, कारण कोकणात सायकलवाले उपाशी राहतात ते यामुळेच. त्या पट्ट्यात चांगलं जेवण घरगुती खानावळीत, आणि ते सांगितल्याशिवाय होत नाही. दीड वाजता दारात उभं राहून "दोन सुरमई थाळ्या" म्हटलं तर बाई तुमच्याकडे बघत राहील. आदल्या रात्री फोन करा, किती वाजता येणार ते सांगा, आणि उशीर होणार असेल तर पुन्हा कळवा. गुहागर सोडताना पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरा, केळी-चिक्की घ्या. सड्यावर टपरी मिळेलच असं नाही, सावलीही नाही. कोकम सरबत दिसेल तिथे प्या, चिमूटभर मीठ जास्त घालून मागा.

सोनचाफा_पुणे
सगळ्यांचे आभार! हेदवीला थांबायचं ठरतंय. मध्येच तब्येत बिघडली तर सुटका कशी?

खाडीपलीकडचा
गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, तिथे कोकण रेल्वे. छोटा टेम्पो मिळतो. एसटीत सायकल घेतील की नाही हे गाडी आणि कंडक्टर दोघांवर अवलंबून, त्या भरवशावर राहू नका. तवसाळच्या बोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून ठेवा. चुकली तर पुढचीपर्यंत जेटीवर माशा मारत बसावं लागतं. रस्त्याने वळसा घालायचा विचारही करू नका, शास्त्री नदी आत खोलवर गेलीय.

एक बरी बातमी: दुपारी समुद्रावरून वायव्येचं वारं सुटतं. तुम्ही दक्षिणेला चाललाय, म्हणजे बऱ्यापैकी पाठीवर.

हेदवीला भरतीची वेळ बघून बामणघळीला जा. खडकाच्या चिरेत लाट घुसते आणि पाणी सरळ वर उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून याल.

सोनचाफा_पुणे
मंडळी, पुळ्याहून लिहितेय. काल सकाळी ६.३० ला दापोली सोडली, ९ ला दाभोळच्या जेटीवर. बोटीत एका आजींनी माझ्या हेल्मेटला टिचकी मारून "नारळ पडतील म्हणून काय?" असं विचारलं. गुहागरला फोन केलेला होता, त्यामुळे पानं मांडलेलीच होती. तिथपर्यंत सगळं मजेत. पालशेतनंतरच्या सड्यावर मात्र बोलणंच बंद झालं आमचं. हेदवीला ५ वाजता पोचलो. भरती चुकली, नुसती भेग बघितली.

आज सकाळी हेदवीतून बाहेर पडतानाच्या चढाला नवरा उतरून सायकल ढकलत होता. मी वर पोचून थांबले आणि "त्यात काय!" एवढंच म्हटलं. तवसाळला हातात धरूनच चढलो-उतरलो. जयगडहून येताना मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी अर्धा तास सावलीत बसलो, १ वाजता पुळ्यात.

घासलेला_ब्रेक, तुमची जादा जोडी नवऱ्याच्या मागच्या चाकाला लागली. आता माझंही रबर संपत आलंय आणि उद्या आरे-वारेचे उतार आहेत. रत्नागिरीत ब्रेक रबर मिळेल असं दुकान कुणाला माहीत आहे का?