बॅन्जो बोल्टला टेफ्लॉन टेप मारणाऱ्यांनो, जरा थांबा

घाटवाला, चाळीसगाव
परवा इथे 'घरच्या घरी कॅलिपर बदला' अशी पोस्ट पडली. कॅलिपर म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, आणि बॅन्जो म्हणजे तेलाची नळी (होज) त्याला जोडणारा पोकळ बोल्ट. सल्ले तीन: बोल्टला टेफ्लॉनचे तीन वेढे द्या, वायसर जुनंच लावा, पाना कुरकुरेपर्यंत आवळा. कन्नड घाट उतरणाऱ्याला हे सांगता?

बॅन्जोचे आटे तेल अडवत नाहीत, त्यांचं काम फक्त दाबायचं. तेल अडवतं तांब्याचं वायसर. एक बोल्टच्या डोक्याखाली, दुसरं होजचं कडं आणि कॅलिपरच्या मधे. टेपचा एखादा तंतू सुटून बोल्टच्या आडव्या भोकात अडकला, की पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत येताना अडतं. चाक जाम, डिस्क तापलेली. आणि टेपमुळे आटे घसरतात, म्हणून पान्यावर आकडा तोच दिसला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. तो आतून पोकळ आहे, मानेतून तुटतो.

बारा नंबर पाना, धुळे
पुस्तकी पांडित्य. ब्रेक ऑईलने टेफ्लॉनला काहीही होत नाही. नळाला चालतं, इथेच का नाही?

घाटवाला
टेप विरघळते असं म्हटलंय कुठे? पाण्याच्या पाईपचे आटे निमुळते, आवळले की एकमेकांत रुततात, उरलेली फट टेप भरते. बॅन्जोचे सरळ. वायसर बसलं नसेल तर शंभर वेढे द्या, तेल कड्याच्या बाजूने येणारच.

बारा नंबर पाना
बरं, टेप सोडा. जुनं वायसर गॅसवर लाल करून थंड केलं की नव्यासारखं मऊ. हे तरी मान्य?

तापीकाठ
पाण्यात विझवू नका, कडक होतं. हवेवर गार होऊ द्या.

बारा नंबर पाना
ते पोलादाचं, भाऊ! तांबं पाण्यात टाका नाही तर ओट्यावर ठेवा, मऊच राहतं. पाण्याने वरची काळी खपली तेवढी निघते.

तापीकाठ
लोहार काय वेडे आहेत का मग?

बारा नंबर पाना
लोहार विळा करतो, वायसर नाही.

घाटवाला
पाण्याचं बारा नंबरवाल्यांचं बरोबर, नाइलाजाने मान्य. पण मऊ झालं म्हणून नवं झालं नाही. एकदा दबलेल्या वायसरवर कड्याची गोल खाच उमटलेली असते आणि जाडी गेलेली असते. ती खाच नव्या कॅलिपरच्या बैठकीवर नेमकी कशी बसेल? आणि ॲल्युमिनियमचं वायसर चुकूनही तापवू नका. ६६० अंशांना वितळतं, त्याआधी लाल दिसतही नाही. बघता बघता थेंब.

तापीकाठ
ब्रेक क्लीनर मारलेलं वायसर तर आगीजवळ नकोच. क्लोरीनवालं क्लीनर तापलं की विषारी वायू सुटतो. चहाच्या पैशात नवी जोडी मिळते, हा उद्योग कशाला?

भुसावळी ऊन
वायसरवर एवढं रामायण, आणि तेल बदलायचं कोणी बोलत नाही! डॉट ३ जातीच्या ब्रेक ऑईलचा उकळबिंदू कोरडा किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. मे महिन्यात इथे पारा ४५ गाठतो, त्यात घाटाचा उतार. वाफ झाली की पेडल थेट फळीला. डबा उघडा ठेवून महिनाभर वापरणारे इथेच सापडतील.

घाटवाला
धागा वायसरचा आहे हो.

भुसावळी ऊन
मग गाडी थांबवा वायसरने.

सातपुडा, तळोदा
कोणी न सांगितलेली चूक सांगतो. जुना कॅलिपर काढला की एक वायसर होजच्या कड्यालाच चिकटून राहतं. काळपट, चपटं झालेलं, कड्याचाच भाग वाटतं. त्यावर नवं चढवलं की एका बाजूला दोन होतात आणि गळती सुरू. नखाने चाचपून पाहा, मग बोथट पट्टीने हलकेच उचका. बैठकीवर ओरखडा नको.

कॅलिपर डावा की उजवा, तेही बघा. उलटा लागला तर हवा काढायचा निप्पल खाली येतो आणि वरची हवा जन्मात निघत नाही. कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसने रबर फुगतं. होजला पीळ नको, चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा.

बारा नंबर पाना
आवळायचं किती, ते कोणी बोलेना!

सातपुडा
गाडीच्या पुस्तकात असेल तेवढंच. लहान गाड्यांच्या १० मिमी बोल्टला साधारण २० ते ३५ न्यूटन मीटर. लांब पाना घेऊन लोंबकळायचं काम नाही. गळतंय म्हणून पुन्हा पुन्हा आवळू नका. उघडा, वायसर बदला.

तापीकाठ
आणि हवा काढून झाली की गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करून कडक करा. पहिल्या दाबाला पिस्टन पॅडपर्यंत पोचलेला नसतो. मग इंजिन चालू ठेवून मिनिटभर जोरात दाबून धरा, दुसऱ्याने जोडाखाली कोरडा कागद फिरवायचा, गळती असली तर डाग पडतो.

बारा नंबर पाना
तुन्हं खरं शे, भो. टेप काढतो. वायसर मात्र तापवूनच लावणार.

घाटवाला
लावा. कागदाचा निकाल तेवढा इथे टाका.