पिकअपचा टेप चालू हाय पण आवाजच न्हाई, काय बघावं?

कागलचा_पिकअपवाला
भावांनो जरा मदत करा. माझी पिकअप हाय, पहाटे भाजीपाला घिऊन मार्केट यार्डात जायचं आणि येताना गावंल ते भाडं. टेप कंपनीचा न्हाई, आधीच्या मालकानं बाहेरनं बसवून घेतलेला, यूएसबी ब्लूटूथवाला साधाच. दोन दारांत दोन स्पीकर आणि सीटच्या मागं आणि दोन. आता झालंय काय, टेप चालू होतोय, लाईट लागतीय, पेनड्राईव्ह घातला की गाण्याचा नंबर येतोय, सेकंद पळत्यात पण आवाज शून्य. एफएमला १०२.७ लावलं तर आकडा दिसतोय पण साधी खरखर न्हाई. ब्लूटूथचं पण तेच.
आधी असं व्हायचं की खड्ड्यात गाडी आदळली की आवाज जायचा आणि क्लीनरच्या बाजूचं दार जोरात आपटलं की परत यायचा, मग आमी पण दार आपटूनच काम चालवलं. परवा गगनबावड्याकडनं येताना लय पाऊस लागला आणि तवापासनं जो गप्प झालाय तो गप्पच. एका दुकानात दाखवला तर त्यानं टेप न उघडताच सांगितलं आयसी (आतली आवाजाची चिप) गेली, नवीनच घ्या. पैशाचं सोडा, पण न बघताच कसं कळलं लगा? भावाकडं मल्टीमीटर हाय, तो उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगला असतोय, त्यामुळं मोजायला सांगितलं तर मोजतो. पहाटे गाणं नसलं की झोप येतीय हो, चेष्टा न्हाई.

लाल_माती
पहिलं म्यूट बघ मर्दा. आणि क्लीनरचा मोबाईल ब्लूटूथला जोडलाय का बघ, माझ्याकडं एकदा पोरगं मोबाईलचा आवाज शून्य करून मागं झोपलेलं आणि मी टेपला शिव्या घालतोय. बॅलन्स फेडर, म्हंजी डावं-उजवं पुढं-मागं आवाज वाटायची सेटिंग, ती पण मधी आण.

कागलचा_पिकअपवाला
म्यूट न्हाई, फेडर मधीच हाय, मोबाईल पण बंद करून बघितला. आणि एफएमला मोबाईलचा काय संबंध?

शाहूपुरी_०९
फ्यूज बघितला का? टेपच्या मागं लाल नाहीतर निळा चपटा फ्यूज असतो, लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५.

डायवर_आप्पा
फ्यूज गेला असता तर डिस्प्ले लागला असता व्हय. मी सांगतो साधा उपाय, स्पीकरची एक वायर तोडून सरळ बॉडीला अर्थ दे, दुसरी टेपला. आमच्या जुन्या ट्रकला असंच होतं, वर्षानुवर्षं वाजला. एवढ्या वायरी लागत्यातच कशाला.

जुना_वायरमन
आप्पा, रागावू नका पण तेवढं करायला सांगू नका कुणाला. कागलवाले, तुम्ही पण थांबा, नवीन टेप घेऊ नका एवढ्यात. दार आपटलं की आवाज यायचा असं तुम्हीच लिहिलंय, मग दुखणं दारात असणार, टेपात कशाला शोधायचं?

बिजागरीपाशी बॉडीतनं दारात वायर जाते तिथं घड्याघड्यांचा काळा रबरी पाईप असतो. दार उघडलं की वायर आत वाकते, लावलं की सरळ होते. मालाच्या गाडीत क्लीनरचं दार दिवसभर उघडझाप, त्यात तुम्ही आपटून आपटून अजून हातभार लावलाय. तिथं वायरीचं प्लास्टिक फाटतं, तांबं उघडं पडतं आणि पत्र्याला टेकतं.

आता एका दारातली वायर टेकली तर चारही स्पीकर का गप्प? आजकालच्या टेपात स्पीकरचं मायनस आणि बॉडीचं मायनस एक नसतं. आतला अँप्लिफायर आयसी स्पीकरच्या दोन्ही वायरी चालवतो, दोन्हीवर बॅटरीच्या साधारण निम्मे म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास उभे असतात. त्यातली कुठलीही एक पत्र्याला लागली की आयसी स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो, आणि बऱ्याच टेपांत चारही एकदमच बंद होतात. डिस्प्ले आणि पेनड्राईव्हचं सर्किट वेगळं, ते चालूच राहतं, म्हणून सेकंद पळताना दिसतात. आप्पांचा एक वायर बॉडीला हा प्रकार जुन्या कॅसेटवाल्या टेपांना चालायचा. ह्याला केला तर तोच दोष आपण हातानं तयार केल्यासारखा होईल.

भावाला असं करायला सांगा. बॅटरीचं मायनस काढा, टेप बाहेर ओढा, मागच्या सॉकेटपासनं स्पीकरच्या आठही वायरी सुट्या करा, टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागू देऊ नका, चिकटपट्टी गुंडाळा. रंग बहुतेक टेपांत ठरलेले असतात, पांढरा पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा, आणि काळी रेघ असलेली ती मायनस. तरी टेपवरचं स्टिकर एकदा बघा, काही जण मनाला येईल तसे रंग वापरतात. मग बॅटरी जोडा, टेप चालू करा आणि दुसरा कुठलाही ४ ओहमचा चांगला स्पीकर थेट टेपकडच्या राखाडी जोडीला लावा. वाजला की आयसी ठणठणीत.

नाही वाजला तर मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॉडीला, लाल पिन टेपकडनं येणाऱ्या एकेका स्पीकर वायरीला. आठही ठिकाणी शून्य आलं तर आधी म्यूटची, म्हणजे आवाज बंद करायची वायर कुठं अर्थ झालीय (पत्र्याला टेकलीय) का बघा. तीही मोकळी असली तर मग दुकानदार बरोबर.

डायवर_आप्पा
आमच्या टेपाला काय झालं न्हाई बघा एवढंच म्हणतो. बाकी तुमी शिकलेले.

कागलचा_पिकअपवाला
वाजला!!! घरातला जुना स्पीकर लावला आणि वाजला, आई बाहेर आली बघायला. भावानं मग मीटर ओहमवर ठेवून गाडीकडनं येणाऱ्या वायरी बॉडीला तपासल्या, तीन जोड्या एकदम मोकळ्या आणि डाव्या दाराची पांढरी सरळ बीप मारतीय. पाईप काढला तर आत पाणी, आणि वायर पार सोललेली. ती कापून नवीन तुकडा घातला, आता चारही चालू हायत. फक्त डाव्या दारातला जरा मोठा केला की फाटल्यासारखा वाजतोय, तो पण त्याच भानगडीतला का?

जुना_वायरमन
जोड पाईपच्या आत ठेवला असेल तर परत काढा, जिथं वायर वाकते तिथं जोड टिकत नाही. बॉडीच्या आतनं दाराच्या आतपर्यंत सलग वायर टाका, थोडी सैल, आणि ती बारीक तारांचीच असू दे, घरफिटिंगची जाड एक तारेची नको, ती वाकून तुटते.

स्पीकरचं वेगळं आहे, तो पाण्यानं गेलाय. दाराचं पॅड काढलं की मागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, काचेवरनं आत आलेलं पाणी त्या कागदाच्या पलीकडनं खाली जातं. स्पीकर बसवताना बरेच जण तो फाडतात आणि मग पाणी सरळ कोनवर, म्हणजे स्पीकरच्या पडद्यावर. स्पीकर काढून कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सरळ आत दाबा, आत घासल्याचा आवाज आला तर कॉईल अडकतेय, बदलायलाच लागेल. नवीन बसवायच्या आधी कागद नीट चिकटवा आणि दाराच्या खालच्या कडेची भोकं चिखलानं बुजली असतील तर तारेनं मोकळी करा. भाजीच्या गाडीत ती बुजतातच.

कागलचा_पिकअपवाला
जोड पाईपातच ठेवलाय, काढतो. भोकं बघितली, पुढचं पार बुजलंय. लय उपकार झाले काका, यार्डात आलासा तर चहा माझ्याकडं.

लाल_माती
काका माझं उलटं हाय. आवाज झकास, पण किल्ली काढली की टेप सगळं विसरतोय, घड्याळ परत १२ वर, सेव्ह केलेली स्टेशनं गायब. ह्याला पण दार उघडू का?

जुना_वायरमन
दाराला हात लावू नका. पिवळी वायर बघा. पिवळी थेट बॅटरीवरनं यायला पाहिजे, तिच्यावर किल्ली काढल्यावरही १२ व्होल्ट पाहिजेत, टेपची आठवण तिच्यावर चालते. लाल किल्लीवरनं येते. तुमच्याकडं एक तर पिवळीचा फ्यूज गेलाय आणि कुणीतरी जुगाड करून दोन्ही वायरी किल्लीवर जोडल्यात, नाहीतर लाल पिवळी उलटी लागलीय. किल्ली काढून पिवळीवर मोजा, शून्य आलं तर मागं मागं जात फ्यूजपर्यंत बघा. आणि तिथं फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडली तर आधी ती काढा, टेपचं नंतर बघू.