शब्दचर्चा: अतिसंवाहकातील ‘भोवरा’ आणि ‘स्पिन’

प्रश्न (फोंडा): आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या विज्ञान-अंकासाठी आलेल्या लेखात ‘अतिसंवाहकातील आवर्त परिवलनाची माहिती वाहतात’ असे वाक्य आहे. (अतिसंवाहक म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ; ‘आवर्त’ येथे vortex साठी आणि ‘परिवलन’ इलेक्ट्रॉनच्या spin साठी वापरला आहे.) त्यातील शब्द योग्य आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (ताळगाव): सर, ‘आवर्त’ काढून ‘भोवरा’ घ्यावा असे माझे ठाम मत आहे. आवर्तसारणी शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘आवर्त’ म्हटले की पुनरावृत्ती आठवते, गरगर फिरणे नव्हे. पावसाळ्यात मांडवीच्या पाण्यात दिसणारा भोवरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक फरक तेवढा लेखात सांगावा: नदीतला भोवरा लहानमोठा कसाही असतो, तर भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी 1957 साली मांडलेल्या सिद्धान्तातील प्रत्येक भोवऱ्यातून, म्हणजे अतिसंवाहकात एका गाभ्याभोवती गरगरणाऱ्या विद्युतप्रवाहातून, ठरावीक चुंबकीय अभिवाहच (आरपार जाणारे एकूण चुंबकीय क्षेत्र) जातो, सुमारे 2.07×10⁻¹⁵ वेबर.

‘परिवलन’ अधिक अडचणीचा आहे. भूगोलात तो शब्द पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यासाठी रूढ आहे. इलेक्ट्रॉन तसा फिरत नाही, स्पिन हा त्याच्या विद्युतभारासारखाच अंगभूत गुण आहे. म्हणून ‘स्पिन’ हाच शब्द ठेवावा, आणि तो समजावण्यासाठी खेळण्यातल्या भोवऱ्याचे चित्र देण्याची प्रथा निदान या लेखापुरती टाळावी, नाहीतर दोन भोवऱ्यांची गल्लत होईल.

ही गल्लत येथे विशेष नडते, कारण लेखाचा सगळा भर भोवरा आणि स्पिन या दोन गोष्टींच्या वेगळेपणावर आहे. नायोबियमसारख्या नेहमीच्या अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध स्पिनच्या जोड्यांनी वावरतात. जोडीचा एकूण स्पिन शून्य असल्यामुळे तो प्रवाह विद्युतभार नेतो, स्पिन नेत नाही. भोवऱ्याच्या गाभ्यात मात्र अतिसंवाहकता मावळलेली असते, तेथे जोडीत नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांना स्पिन धारण करता येतो, आणि भोवरा सरकला की गाभ्याबरोबर तोही पुढे जाऊ शकतो, अशी ही कल्पना आहे. शिवाय भोवरा वाटेत आपोआप विरत नाही. तो कडेला बाहेर पडतो किंवा उलट्या भोवऱ्याशी गाठ पडून दोघेही नष्ट होतात.

प्रश्नकर्ते: आभारी आहे. ‘वाहतात’ हे क्रियापद ठेवावे का?

उत्तर: ‘वाहून नेतात’ असे लिहावे. नुसत्या ‘वाहतात’मुळे भोवरे विद्युतप्रवाहाबरोबर वाहत जातात असा समज होतो, आणि प्रत्यक्षात प्रवाहाने ढकललेले भोवरे साधारणपणे त्याच्या दिशेला काटकोनात सरकतात.