पाचला उठणं जमत नसेल तर

ताई, 'पहाटे पाचला उठून तासभर ध्यान केलं की ताण जातो' हे तुमचं म्हणणं खरं असेलही, पण ज्यांच्या घरी सासूबाईंचं पथ्य आणि मुलाची सातची शाळा आहे त्यांनी काय करायचं? मी महिनाभर करून पाहिलं. ध्यान राहिलं बाजूला, झोप मात्र गेली.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. काम हिशेबाचं, त्यामुळे मार्चमध्ये दातावर दात घट्ट दाबून बसलेली असते, आणि ते कळतं रात्री कानशिलं ठणकायला लागल्यावर. आता घरी जाताना वीस मिनिटं कमाटी बागेत उतरते. (सयाजी बाग म्हटलं की आमचे आजोबा चिडायचे!) फुलांच्या घड्याळाजवळ बसायचं, चार मोजत श्वास घ्यायचा, सहा-सात मोजत सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. एवढंच. पहिले आठ दिवस शेजारचा शेंगवाला माझ्याकडे संशयाने बघत होता.

दुसरं म्हणजे संध्याकाळचा चहा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकराला अंगातच. हे बंद करणं ध्यानापेक्षा अवघड गेलं, कारण सासूबाईंना एकटीने चहा घेणं आवडत नाही. सध्या मी कपात गवती चहाचा काढा घेऊन त्यांच्याजवळ बसते. त्यांना अजून पत्ता नाही.

आणि झोपच उडाली असेल, आठवडेच्या आठवडे, तर बागेत न बसता डॉक्टरकडे जा हो.